बोंबलातली नथ

चुरीकाका घरी आलेलं पार्सल आधी हुंगत. मग कानाशी धरून हलवत, मग तळहातावर तोलत, आणि एवढं सगळं झाल्यावर पाठवणाऱ्याचं नाव वाचत. एकदा त्यांच्या पुतण्याने पुण्याहून एक खोकं पाठवलं होतं. काकांनी सुतळीला हातही न लावता सांगितलं, "बूट आहेत. डावा उजव्यापेक्षा जड आहे." उघडून बघतो तर डाव्या बुटात पॉलिशची डबी खुपसलेली. काकांनी बूट बाजूला टाकले आणि ते पुन्हा रिकामं खोकंच निरखत बसले. आत काय आहे याच्यात त्यांना कधीच फारसा रस नसे.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गोखिवऱ्याच्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहायचे, मी त्यांच्या बरोबर वर. मूळचे वसईचेच. पश्चिमेला त्यांच्या घरची केळीची वाडी होती, पण तिथे तीन भाऊ आणि एक विहीर अशी स्थिती असल्यामुळे काकांनी पूर्वेला फ्लॅट घेतला. वाडी सोडून डब्यात राहायला गेला म्हणून भावांनी त्यांची खूप टर उडवली. काका म्हणत, "विहिरीवर रोज भांडण्यापेक्षा टँकरवर आठवड्यातून दोनदा भांडलेलं बरं." भावांशी बोलताना ते त्यांच्या घरच्या बोलीत बोलत, तेव्हा मला निम्मं कळत नसे. आमच्याशी बोलताना ते स्वच्छ मराठीत अपमान करत, म्हणजे कुणाची गैरसोय होऊ नये.

एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या क्लेम खात्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती. ज्यांचा माल हरवला, फुटला, भिजला किंवा चोरीला गेला असे लोक जिथे येऊन टेबल बडवतात, ते खातं म्हणजे क्लेम खातं. पुढे कंपनी बंद पडली आणि काका घरी बसले. पण समोर कुणीतरी टेबल बडवल्याशिवाय त्यांना दुपारचं जेवण पचत नसे. मी राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझं दार वाजवलं.

"काही हरवलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. सामान अजून बांधलेलंच होतं.

"हरवेल," ते धीर दिल्यासारखं म्हणाले. "हरवलं की खाली ये. बेल वाजवू नकोस, बिघडली आहे."

आणि खरंच, त्या वर्षांत आमच्याकडे वस्तू फार हरवायच्या. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. रोज एक नवी बिल्डिंग उभी राहत होती आणि दोन बिल्डिंगांची नावं हमखास एकच असायची. कुणाचा जावई मस्कतला, कुणाची आई देवरुखला, आणि सगळे सगळ्यांना काही ना काही पाठवत असायचे. कुरिअरची दुकानं पानाच्या टपऱ्यांसारखी उगवली होती. त्यांची गोदामं सातिवली आणि कामणच्या बाजूला. तिथे जाऊन काय काय अदृश्य होत असे त्याला सुमार नव्हता. ज्याचं अदृश्य होई तो "चोरलं, चोरलं" करत काकांकडे येई.

काकांना हा शब्द आवडत नसे. "चोर फार कष्टाळू माणूस असतो," ते म्हणत. "तो बघतो, निवडतो, उचलतो, विकायला नेतो. कुरिअरमध्ये एवढे कष्ट करणारा एक तरी माणूस तुला दिसला का? पार्सल चोरीला जात नाही. पार्सल बसतं." त्यांचं दुसरं वाक्य असं होतं, की कागद आणि खोकं कधीच एका गाडीने प्रवास करत नाहीत. आणि तिसरं, जे ते सर्वात मोठ्याने म्हणत, ते म्हणजे, "आधी जमीन शोधा, मग माणूस!" म्हणजे आधी कानाकोपरे धुंडाळा, मग कुणावर संशय घ्या.

वरच्या मजल्यावरच्या शेखसाहेबांच्या भावाने मस्कतहून व्हिडिओ कॅमेरा पाठवला होता. तो महिनाभर आला नाही. काका शेखसाहेबांना स्कूटरवर मागे घालून सातिवलीच्या गोदामात गेले, दारातच थांबले आणि गोदामाच्या मॅनेजरला म्हणाले, "जरा उठता का?" मॅनेजर उठला. तो ज्याच्यावर बसला होता ते शेखसाहेबांचं खोकं होतं. "याची खुर्ची मोडली होती, तो तरी काय करणार," काका परतीच्या वाटेवर म्हणाले. कॅमेरा चालू होता हे नशीब. शेखसाहेबांनी त्याच्यावर पहिलं चित्रण काकांचंच केलं. त्यात काका सात मिनिटं कॅमेऱ्याच्या खोक्याबद्दल बोलत आहेत.

देवाधर्माचं त्यांना वावडं नव्हतं, पण विश्वासही नव्हता. आमच्याकडचे ख्रिस्ती शेजारी काही हरवलं की संत अंतोनीला मेणबत्ती लावत, तो हरवलेल्या वस्तू शोधून देतो म्हणून. काका त्यांना सांगत, "अवश्य लावा. आमच्या देवांपेक्षा बरा आहे तो, एका कामाला एकच माणूस नेमलाय. फक्त पावतीचा नंबर त्याला सांगा, उगीच अंधारात शोधायला लावू नका."

पण काकांची खरी कीर्ती होती ती त्यांच्या सुक्या मासळीच्या उपायामुळे. मौल्यवान काहीही पाठवायचं असेल तर खोक्यावर ठळक अक्षरांत "सुके बोंबील" असं लिहायचं आणि आत वरच्या थरात मूठभर बोंबील खरोखरच घालायचे. "क्लेम खात्यात तीस वर्षं होतो," काका म्हणत. "घड्याळं गेली, साड्या गेल्या, एकदा एक अख्खी हार्मोनियम गेली. सुक्या मासळीचा एक क्लेम आला नाही. एक नाही!" या युक्तिवादापुढे कुणाचं काही चालत नसे. सोसायटीतल्या शाकाहारी जोशीकाकूंनी इंदूरच्या लेकीला कानातल्या कुड्या पाठवल्या, तेव्हा त्यांनीसुद्धा बोंबील आणवले, चिमट्याने धरून खोक्यात ठेवले, चिमटा टाकून दिला आणि डोक्यावरून आंघोळ केली. कुड्या सुखरूप पोचल्या. लेकीने कळवलं, की जावयांना बोंबील आवडले, अजून पाठव.

अशा वातावरणात माझं लग्न ठरलं.

मुलगी विरारची, नाव संध्या. तारीख मेच्या शेवटच्या आठवड्यातली. आमच्या घरात एक नथ होती, माझ्या आजीची, सात मोत्यांची. आजीनंतर आईने घातली आणि आता संध्याने घालायची असं आईने मी पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. अडचण अशी, की संध्याचं नाक टोचलेलं नव्हतं, आणि ती ते टोचून घेणारही नव्हती. म्हणजे सोनाराकडून नथीला चाप लावून घ्यायला हवा. आई गावाहून येणार लग्नाच्या आदल्या दिवशी. तेव्हा नथ आधी इकडे यायला हवी होती. आई गुहागरकडच्या आमच्या गावातून फोनवर म्हणाली, "पाठवते. पण नीट ऐक. ती नथ तिच्या नाकात नसेल तर मी अक्षता टाकणार नाही." आईने आयुष्यात दिलेल्या धमक्यांपैकी मी आजवर एकही पोकळ निघालेली पाहिली नव्हती.

मी खाली गेलो. काकांनी उपाय सांगितला. मी तो आईला सांगितला. आईने फोटोच्या रोलची काळी डबी घेतली, तिच्यात कापूस घालून नथ ठेवली, डबी खोक्याच्या तळाशी बसवली आणि वर दोन किलो बोंबील भरले. मूठभर पुरे, असं मी सांगितलं होतं. पण मुलाला पाठवायचं आणि मूठभर, हे तिच्या मनाला पटलं नसावं. खोकं कुरिअरने निघालं.

ते आलं नाही.

चार दिवस झाले, सहा झाले. सातव्या दिवशी मी कुरिअरच्या ऑफिसात गेलो. वसई स्टेशनाच्या पूर्वेला एका गाळ्यात ते होतं. तिथल्या क्लार्कने त्या आठवड्यातली डिलिव्हरीची शीट काढून समोर टाकली. शीटवर दहा पार्सलं होती. पाचवं माझं. खाली डिलिव्हरी करणाऱ्या माणसाची सही, विलास घरत. नऊ पार्सलांपुढे लोकांच्या सह्या होत्या, पाचव्यापुढची जागा मोकळी होती. विलास समोरच उभा होता. पस्तिशीचा, उन्हाने रापलेला माणूस, खांद्याला खाकी झोळी.

"माज्याकडं आलंच नाय ते," तो म्हणाला.

"मग सही कशी केलीस?"

"सगलेच करतात साहेब. सकाली शीट देतात, सही करायची आनि निघायचं. मोजत कोन बसतो?"

मला त्याचं एक अक्षर पटलं नाही. डोळ्यांसमोर अक्षता न टाकणारी आई उभी होती. मी भर ऑफिसात, आठ-दहा माणसांसमोर त्याला चोर म्हटलं. एकदा नाही, बऱ्याचदा म्हटलं. मग तिथून थेट पोलीस चौकीत जाऊन लेखी तक्रार दिली, तिच्यात त्याचं नाव घातलं. पोलिसांनी त्याला लागोपाठ तीन दुपारी नेऊन बाकावर बसवून ठेवलं. कुरिअरवाल्यांनी सांगितलं, चौकशी पुरी होईपर्यंत घरी बस, आणि मे महिना संपेपर्यंत निकाल लागला नाही तर येऊच नकोस. मला या सगळ्याचं बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हे सगळं काकांना अभिमानाने सांगितलं. काका केळं सोलत होते. ते त्यांनी तसंच ताटलीत ठेवलं.

"तू बघितलंस त्याला घेताना?"

"नाही. पण सही आहे ना त्याची!"

"आता लग्नाच्या रजिस्टरवर तूपण सही करशील. म्हणजे काय तू बायको पळवलीस?" ते उभे राहिले. इतकी वर्षं मी त्यांना कुत्सित पाहिलं होतं, चिडलेलं नव्हतं पाहिलं. "गाढवा, जमीन शोधायच्या आधी माणसाचं नाव लिहून आलास? आणि ते पोलिसांत?"

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. काकांकडे जुनी स्कूटर होती, तिला उजवीकडे वळायला आवडत नसे. मी रजा घेतली होती. आम्ही सातिवलीची दोन गोदामं पाहिली, कुरिअरच्या गाड्या जिथे धुतात ती जागा पाहिली, एका पंक्चरवाल्याकडे पडलेली तीन खोकी पाहिली. त्यांच्यापैकी एकात कुणाच्या तरी पत्रिका होत्या, लग्न होऊन गेलेलं. रोज सकाळी निघताना काका मला एकच प्रश्न विचारत, "विलास कामावर गेला का?" मी म्हणे, "नाही. पण काका, लग्नाला आता नऊ दिवस राहिले." मग आठ राहिले, मग सात. काकांची घाई बघून मला गहिवरून येई. माझ्या लग्नासाठी हा म्हातारा उन्हात फिरतोय असं मी सगळ्यांना सांगत होतो. संध्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू नथीशी लग्न करतोयस की माझ्याशी, ते एकदा मुहूर्ताच्या आधी कळव."

शोधाच्या सहाव्या दिवशी दुपारी आम्ही एका टपरीवर सरबत पीत होतो. काका एकदम म्हणाले, "प्रमोद, मी महामूर्ख आहे."

मी नम्रपणे सरबताचा घोट घेतला.

"तीस वर्षांत सुक्या मासळीचा क्लेम आला नाही, म्हणून मी समजलो ती कुणी चोरत नाही. अरे, सुक्या मासळीसाठी क्लेम करायला कोण येतो? वास आला म्हणून फेकली असेल, कुणी खाल्ली असेल, मांजरांनी नेली असेल. ज्याची गेली तो दोन शिव्या देऊन गप्प बसला असेल!" त्यांनी ग्लास खाली ठेवला. "सोसायटीतल्या निम्म्या बायांचे दागिने मी बोंबलांत घालून पाठवले. आणि तुझ्या आईने दोन किलो घातले. मेमध्ये! चल, कामणला. जिथे आधी वास सुटेल तिथे."

कामणच्या गोदामात मोठमोठे पंखे होते आणि त्यांच्याखाली सुपरवायझर होता. त्याने आधी आम्हाला हाकलायचा प्रयत्न केला. पण काका क्लेम खात्याच्या भाषेत बोलू लागल्यावर त्याने निमूटपणे रजिस्टर काढून दिलं. त्यात माझ्या पार्सलचा नंबर होता आणि पुढे लिहिलं होतं, "माल खराब. नष्ट केला." तारीख विलासच्या शीटच्या आदल्या दिवसाची. आमच्या खोक्याशेजारी कुणा व्यापाऱ्याच्या अगरबत्त्या होत्या, त्या बोंबलांच्या वासाने बाटल्या म्हणून त्याने आरडाओरडा केला होता. सुपरवायझरने खोकं बाहेर काढायला लावलं. पण शीट आधीच तयार झालेली. तिच्यावरचा नंबर खोडायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. कागद वसईला गेला आणि खोकं कामणला राहिलं.

"म्हणजे विलासने ते पाहिलंसुद्धा नाही," काका म्हणाले. ते मला नाही, स्वतःलाच सांगत होते. मग सुपरवायझरकडे वळले, "नष्ट कुणी केलं? तुम्ही?"

"मी कशाला हात लावू? झाडूवाल्या बाईला सांगितलं टाकून दे म्हणून."

गोदामाच्या मागे एक बाई पुठ्ठे बांधत होती. पन्नाशीची, काटक, कंबरेला पदर खोचलेला. मी पुढे होऊन खोक्याबद्दल विचारणार, एवढ्यात काकांनी माझा दंड धरला. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि गावाकडची विचारपूस करावी तसं त्यांनी विचारलं, "बाय, बोंबील कसे होते?"

"खारट," ती म्हणाली.

मग तिने आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचे होते? लय दिस लावले यायला."

तिचं नाव भागीबाई. टाकून द्यायला सांगितलेले बोंबील तिने घरी नेले होते. "चांगलं खायचं कोन टाकतं? वरचे जरा लागले होते, ते काडले. बाकीच्याचं कालवन केलं. खाली डबी गावली." डबी उघडून पाहिल्यावर ती दुसऱ्याच दिवशी गोदामाच्या ऑफिसात घेऊन गेली. ऑफिसातला माणूस म्हणाला, तुझ्याकडे पावती आहे का? ती पुन्हा गेली. तेव्हा त्याने रजिस्टर पाहिलं आणि सांगितलं, की हे पार्सल नष्ट झालेलं आहे, जे नष्ट झालं त्यातून वस्तू निघत नाही. तिसऱ्यांदा गेली तेव्हा वॉचमनने दारातूनच हाकललं. "मंग मी म्हनलं, मरूंदे. ज्याची हाय तो येल शोदत." समोरच्याच चाळीत तिची खोली होती. तिने तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून काळी डबी बाहेर काढली, पदराला पुसली आणि माझ्या हातात दिली.

सातही मोती जागच्या जागी होते. मला रडू फुटलं. भागीबाई काकांना म्हणाली, "एवड्या मोट्या बाप्याला काय झालं?" काका म्हणाले, "लग्न आहे त्याचं." तिला हे कारण पुरेसं वाटलं. मी तिच्या पाया पडलो आणि सहकुटुंब लग्नाला यायचं निमंत्रण दिलं. ती आली. आईने तिला साडीचोळी दिली, आणि बोंबील खारट नव्हते यावरून दोघींचं भर मांडवात वाजलं. लग्नाचं इथेच सांगून टाकतो. नथीला चाप लागला, आईने अक्षता टाकल्या, पण नथीचा वास काही केल्या गेला नाही. सोनाराने दोनदा धुऊन दिली तरी गेला नाही. लग्नाच्या सगळ्या फोटोंत संध्या श्वास रोखून उभी आहे. बघणाऱ्यांना वाटतं, माहेर सुटल्याचं दुःख.

पण त्या दुपारी कामणहून निघताना मला फक्त सोनार दिसत होता. मी म्हटलं, "काका, सरळ सोनाराकडे घ्या." काकांनी स्कूटर उलट दिशेला वळवली.

"आधी पोलीस चौकी. मग विलासचं घर."

"उद्या जाऊ की! त्याला काय, आता सुटलाच तो."

काकांनी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. उतरले नाहीत. पाठमोरेच बोलले, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला नाही.

"आमच्याकडे किसन पवार म्हणून हमाल होता. घड्याळांचं एक खोकं आलं नाही. शेवटचं त्याच्या हातात होतं. मी फाईलवर लिहिलं, हमालावर संशय. नुसता संशय लिहिला, मला वाटलं मी फार सांभाळून लिहिलं. वरच्यांनी त्याला काढून टाकलं. तो माझ्या टेबलाशी आला, म्हणाला, साहेब, तुम्ही एकदा बघा ना. मी म्हटलं, बघितलं." ते थांबले. "नव्हतं बघितलं. आठ महिन्यांनी दिवाळीची रंगरंगोटी निघाली, रॅक हलवला, तर खोकं मागे उभं. सीलसुद्धा तुटलं नव्हतं. मी कळव्याला त्याच्या खोलीवर गेलो. दुसरेच लोक राहत होते. गावी गेला म्हणाले. कुठलं गाव, ते कुणाला ठाऊक नाही."

मागून ट्रक हॉर्न वाजवत होते.

"त्यानंतर एकही खोकं मी सोडलं नाही," काका म्हणाले. "सगळी सापडली. तो सापडला नाही." आणि त्यांनी किक मारली.

इतके दिवस काका रोज सकाळी तो एकच प्रश्न का विचारत होते, हे मला तेव्हा कळलं. माझ्या लग्नासाठी ते एक मिनिटही फिरले नव्हते. स्कूटरवर मागे बसल्या बसल्या मला माझी इतकी लाज वाटली, की नथीची डबी खिशात टोचायला लागली.

चौकीत मी तक्रार मागे घेतली. विलासचं घर नायगावच्या बाजूला, मिठागरालगतच्या गावात होतं. तो मीठ भरायच्या कामावर जाऊन नुकताच आला होता. पाय गुडघ्यापर्यंत पांढरे झालेले. मी दारात उभं राहून सगळं सांगितलं, हात जोडले, माफी मागितली. त्याची बायको आतून ऐकत होती. विलास ओट्यावर बसला आणि पायांवर पाणी ओतत राहिला.

"नथ गावली, बरं झालं," तो म्हणाला. मग मान वर करून म्हणाला, "पन साहेब, चोर बोललात ते हापिसात, सगल्यांसमोर. नि माफी मागताय ती हितं, माज्या घरात. हितं मला कोनी चोर बोललंच नाय."

मी काकांकडे पाहिलं. काही मदत मिळेल अशी आशा होती.

"बरोबर बोलतोय तो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीट वाटायच्या वेळेला आम्ही कुरिअरच्या गाळ्यात गेलो. विलासला बोलावून घेतलं होतं. तो दाराजवळ अंग चोरून उभा होता. क्लार्क होता, बाकीचे डिलिव्हरीवाले होते, दोन-तीन गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्यामध्ये उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, की विलास घरतने माझं पार्सल चोरलेलं नाही, ते त्याच्या हातातच आलं नव्हतं, मी न बघता त्याला चोर म्हटलं, माझी चूक झाली. चोर म्हणताना आवाज आपोआप चढला होता. हे बोलताना तो मुद्दाम चढवावा लागला. क्लार्क म्हणाला, "बरं, बरं. झालं ना आता." आणि शीट चाळायला लागला. कुणीतरी विलासच्या पाठीवर थाप मारली. मी सुटलो असं वाटून दाराकडे वळलो.

काका माझ्या मागे आले नाहीत. ते पुढे आले, काउंटरवर हात टेकला आणि घसा खाकरला.

"आणि किसन पवारने घड्याळांचं खोकं चोरलं नव्हतं," ते म्हणाले. "ते रॅकच्या मागे पडलं होतं. मी न बघता बघितलं म्हणून सांगितलं. चूक माझी होती."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. काकांची कंपनी कधीच बंद झाली होती, तिथलं टेबलसुद्धा भंगारात गेलं असेल. हे वाक्य बोलायला त्यांच्यापाशी जागाच उरली नव्हती. ती त्यांनी आज दुसऱ्याच्या ऑफिसात घेतली.

क्लार्कने शीटवरून बोट फिरवलं आणि गोंधळून विचारलं, "किसन पवार? कुठल्या ब्रँचला?"

काकांनी दुसराही हात काउंटरवर टेकला. विलासला त्या किसन पवारबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. तो दाराजवळून पुढे आला, कोपऱ्यातलं स्टूल ओढून काकांच्या मागे ठेवलं आणि म्हणाला, "बसा काका. पानी आनतो."